माणूस कधी पाण्यात राहत होता का?

मे महिन्यात दादरच्या तरणतलावावर मुलांचे उन्हाळी वर्ग सुरू झाले की आम्ही पालक बाजूच्या बाकांवर टॉवेल आणि डबे सांभाळत बसतो. यंदा माझ्या शेजारी एक तरुण आई बसायची. मोठा मुलगा पाण्यात, धाकटी पाच महिन्यांची मुलगी मांडीवर. एके दिवशी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हिडिओत एक तान्हं बाळ पाण्याखाली डोळे उघडे ठेवून हातपाय मारत होतं. ‘ताई, याला कुणी शिकवलेलं नाही. माणूस आधी पाण्यातच राहायचा म्हणे, म्हणून बाळांना आपोआप पोहता येतं. हिलाही सोडून बघू का?’

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्या क्षणी मी तिला एवढंच म्हटलं, ‘बाळाला पाण्यात अजिबात सोडू नकोस, बाकीचं सावकाश सांगते.’ हा लेख म्हणजे ते बाकीचं.

आधी बाळाचं सांगते, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. जन्मानंतरचे काही महिने बाळाचं तोंड पाण्यात गेलं की घशाचा मार्ग आपोआप बंद होतो, श्वास थांबतो आणि हातपाय हलू लागतात. मर्टल मॅकग्रॉ या संशोधिकेने १९३९ साली या हालचालींचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. तान्ह्या बाळाच्या हालचाली चार पायांच्या प्राण्यांच्या पिल्लांसारख्या दिसतात आणि साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास ही आपोआप होणारी क्रिया मावळते. तिला पोहणं म्हणता येत नाही, कारण पोहणाऱ्याला श्वास घेण्यासाठी डोकं वर काढता आलं पाहिजे आणि पाच महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही. पाण्यात एकटं सोडलेलं बाळ बुडतं. व्हिडिओतल्या बाळाच्या वर कुणाचे तरी हात तयार असतात, ते कॅमेऱ्यात येत नाहीत.

आता तिच्या वाक्याचा दुसरा भाग: माणूस आधी पाण्यात राहायचा. ही कुणा व्हॉट्सअॅपवाल्याने उठवलेली आवई नाही. तिच्यामागे एक नामवंत शास्त्रज्ञ आहे, एक जिद्दी लेखिका आहे आणि साठ वर्षांहून जुना वाद आहे.

सर अॅलिस्टर हार्डी हे ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ. १९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून ते अंटार्क्टिकाच्या समुद्रात गेले होते. समुद्रातले सूक्ष्म जीव मोजण्याचं त्यांनी घडवलेलं यंत्र पुढे जहाजांच्या मागे बांधून वर्षानुवर्षं वापरलं गेलं. व्हेल आणि सील या प्राण्यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. परतल्यावर एका शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकात त्यांना वाचायला मिळालं की माणसाच्या कातडीखालीही चरबी चिकटलेली असते आणि इतर वानरांपेक्षा माणूस यात वेगळा दिसतो. हार्डींच्या मनात पाल चुकचुकली: आपले पूर्वजही काही काळ पाण्यात राहिले असतील का? ही शंका त्यांनी जवळजवळ तीस वर्षं मनातच ठेवली, कारण बोलून दाखवली असती तर व्यवसायातली पत गेली असती. अखेर ५ मार्च १९६० रोजी ब्रायटन इथे पाणबुड्या हौशी मंडळींसमोरच्या भाषणात त्यांनी ती मांडली. वर्तमानपत्रांनी ती उचलली, म्हणून त्यांनी त्याच महिन्यात ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकात नीट लेख लिहिला. (जर्मनीत मॅक्स वेस्टेनहोफर या वैद्यकाने १९४२ साली असंच काहीसं लिहून ठेवलं होतं, पण युद्धाच्या धामधुमीत कोण वाचणार?)

हार्डींचं म्हणणं थोडक्यात असं. लाखो वर्षांपूर्वी वानरांचा एक गट अन्नासाठी पाण्याकडे वळला. उथळ पाण्यात शिंपले, खेकडे, मासे शोधताना त्याला ताठ उभं राहावं लागलं. पोहताना अडथळा नको म्हणून अंगावरचे केस गेले, फक्त पाण्याबाहेर राहणाऱ्या डोक्यावरचे उरले. ऊब टिकावी म्हणून कातडीखाली चरबी आली. पुढे हा गट पुन्हा जमिनीवर आला आणि त्याच्यातून आपण झालो. मराठीत याला जलवानर सिद्धांत म्हणू या. ‘सिद्धांत’ हा शब्द इथे जरा मोठा होतो, खरं तर हे गृहीतक आहे, पण रूढ शब्द तोच आहे.

हार्डींची कल्पना जगभर नेली ती एलेन मॉर्गन यांनी. वेल्समधल्या खाणकामगाराच्या घरातली मुलगी ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकली आणि पुढे टेलिव्हिजनसाठी नाटकं लिहू लागली. त्या काळात मानवी उत्क्रांतीची जी गोष्ट सांगितली जायची ती अशी: जंगलं आटली, गवताळ माळरान पसरलं, पुरुष शिकारीला निघाला, शिकारीसाठी उभा राहिला, धावताना तापला म्हणून केस गळले. मॉर्गनबाईंनी विचारलं, आणि बाई? ती कुठे होती? तिच्या अंगावरचे केस तर पुरुषापेक्षाही कमी. ती तर शिकारीला जात नव्हती, असं तुम्हीच म्हणता. मग तिचे केस कशाने गेले? १९७२ साली आलेल्या त्यांच्या ‘द डिसेंट ऑफ वुमन’ या पुस्तकाने हा प्रश्न घरोघरी पोचवला. वयाच्या नव्वदीपर्यंत त्या याच विषयावर लिहीत, बोलत राहिल्या. २०१३ साली त्या गेल्या. त्यांचं उत्तर मला पटत नाही, पण तो प्रश्न विचारल्याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. पुरुषाच्या शिकारीभोवती रचलेल्या त्या गोष्टीत अर्धी माणसं गायब होती, आणि हे विद्यापीठाबाहेरच्या एका बाईने दाखवून दिलं.

आता त्यांचं उत्तर तपासू. तपासण्याची पद्धत साधी आहे. पाण्यामुळे अमुक बदल झाला असं कुणी म्हटलं की दोन गोष्टी बघायच्या. पाण्यात राहणाऱ्या इतर प्राण्यांत तो बदल दिसतो का? आणि तो बदल नेमका केव्हा झाला?

केसांपासून सुरुवात करते. व्हेल, डॉल्फिन बिनकेसांचे असतात, हे खरं. पण ते आयुष्यभर पाण्यातच राहतात. जे प्राणी पाण्यात आणि जमिनीवर असे दोन्हीकडे वावरतात, त्यांच्याकडे बघा. पाणमांजर, सील, बीव्हर, सगळे दाट केसांचे. समुद्री पाणमांजराच्या कातडीवर एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाखाहून जास्त केस असतात; प्राणिजगतातली सर्वांत दाट लोकर तिची. त्या केसांत हवा अडकते आणि थंड पाण्यातही अंग कोरडं, उबदार राहतं. अर्धवेळ पाण्यात राहणाऱ्या माणसाएवढ्या प्राण्याने केस टाकून देणं हा त्याच्या दृष्टीने घाट्याचा व्यवहार ठरला असता. उलट हत्ती, गेंडा असे कोरड्या, उष्ण भागातले मोठे प्राणी विरळ केसांचे असतात, कारण त्यांची अडचण उष्णता टिकवण्याची नसते, ती बाहेर टाकण्याची असते.

माणसाचीही अडचण तीच होती, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामग्रंथी असतात. घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडून जावा लागतो. उडताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. ओल्या केसांच्या जाड थराखाली हे काम नीट होत नाही, उघड्या कातडीवर होतं. मुंबईकराला हे पटायला जड जातं, कारण मे महिन्यात दादर स्टेशनच्या पुलावर आपण घामाने निथळतो आणि तरी थंड वाटत नाही. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम उडतच नाही, नुसता ओघळतो. हाच घाम मराठवाड्यात किंवा विदर्भात कोरड्या उन्हात चालताना येतो तेव्हा शर्टावर मिठाचे पांढरे डाग उमटतात, कारण पाणी उडून गेलेलं असतं. आपलं शरीर त्या कोरड्या हवेसाठी घडलेलं यंत्र आहे. आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या प्राण्याला घामाचा उपयोग काय? पाणीच त्याला थंड करतं.

इथे एक उलटा मुद्दाही उपस्थित होतो. मॉर्गनबाई म्हणायच्या, इतकं पाणी घामावाटे उधळणारा प्राणी कोरड्या माळावर कसा घडेल? शंका रास्त होती. २०२१ साली हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी माणूस आणि वानरं यांच्या शरीरातून रोज किती पाणी फिरतं याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. माणूस दिवसाला साधारण तीन लिटर वापरतो, तर प्राणिसंग्रहालयातले चिंपांझी आणि गोरिला त्याच्या जवळपास दुप्पट. घाम आपल्याला जास्त येतो, तरी एकूण पाणी आपण कमी वापरतो. पाण्याला सोकावलेल्या प्राण्याचं शरीर असं चालत नाही, पाणी जपून वापरायला शिकलेल्या प्राण्याचं चालतं. मला विचाराल तर या सगळ्या वादातला हा सर्वांत बोलका आकडा आहे.

चरबीचं लवकर सांगून टाकते, कारण हार्डींची सुरुवातच तिथून झाली होती. कॅरोलाइन पॉन्ड या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या चरबीचा आयुष्यभर अभ्यास केला. पिंजऱ्यात बसून खाणारी माकडं लठ्ठ होतात तेव्हा त्यांची चरबी आपल्यासारखीच पोटावर, कमरेवर साठते. म्हणजे जागा जुन्याच आहेत, आपला साठा मोठा आहे. आणि मानवी बाळ इतकं गुटगुटीत का जन्मतं? जन्माच्या वेळी त्याच्या वजनाचा सुमारे सातवा हिस्सा चरबीचा असतो. त्याचा मेंदू, शांत झोपलेलं असतानाही, शरीराच्या निम्म्याहून जास्त ऊर्जा खातो. आई आजारी पडली, दूध आटलं, जुलाब झाले, तर तो मेंदू कशावर चालायचा? गुटगुटीतपणा ही त्याची शिदोरी.

दोन पायांवर चालण्याचा मुद्दा मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही, आणि तो काढूही नये. चिंपांझी, गोरिला एरवी चार पायांवर चालतात, पण पाण्यात उतरले की ताठ उभे राहतात, हे खरंच दिसतं. काँगोच्या जंगलातल्या एका मादी गोरिलाने पाण्याची खोली बघायला काठी टेकत टेकत दलदल ओलांडल्याची छायाचित्रं २००५ साली प्रसिद्ध झाली. आपले फार जुने पूर्वज नदीकाठच्या झाडीत राहत असतील, तर त्यांनीही कमरेएवढ्या पाण्यात चालून पाहिलं असेल. चालण्याच्या सवयीत पाण्याचा थोडा हातभार लागला, एवढंच कुणी म्हणत असेल तर मी ऐकून घेईन.

पण आपली हाडं वेगळंच सांगतात. पाण्यात शरीराचा भार हलका होतो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायला हाडांनी फार बदलायची गरजच पडत नाही. आपली हाडं मात्र जमिनीवर पूर्ण वजन पेलण्यासाठी बदललेली आहेत. इथिओपियात १९७४ साली जिचा सांगाडा सापडला ती ल्यूसी, आपल्या जुन्या पूर्वजांच्या कुळातली मादी, ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिचं कटिहाड आखूड आणि रुंद आहे, मांडीचं हाड गुडघ्याकडे आत झुकलेलं आहे, म्हणजे एका पायावर तोल सांभाळून पुढचं पाऊल टाकता यावं. टांझानियातल्या लेटोली इथे ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेली ३६ लाख वर्षांपूर्वीची पावलं तर मोकळ्या जमिनीवरची आहेत. टाच आधी, मग अंगठा. त्याही आधीचा, ४४ लाख वर्षांपूर्वीचा आर्डिपिथेकस (थोडक्यात आर्डी) हा आपल्या पूर्वजांच्या कुळातला प्राणी झाडीत राहणारा होता; त्याच्या पायाचा अंगठा अजून फांदी पकडता येईल असा वेगळा होता, तरी तो जमिनीवर उभा चालत असावा.

या आर्डीने जलवानराला जितकं अडचणीत आणलं तितकंच जुन्या माळरानाच्या गोष्टीलाही आणलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेचे ज्येष्ठ अभ्यासक फिलिप टोबायस यांनी १९९५ सालीच लंडनमधल्या भाषणात जाहीर केलं होतं की माळरानाचा सिद्धांत आता टिकत नाही. मॉर्गनबाईंचे समर्थक यावर फार हरखले. पण एका उमेदवाराची अनामत जप्त झाली म्हणून दुसरा आपोआप निवडून येत नाही. माणूस उभा राहिला तो विरळ झाडी, गवत, नदीकाठ अशा मिश्र प्रदेशात, असं आजचं चित्र आहे.

आता दुसरी कसोटी, काळाची. मला वाटतं खरा निकाल इथेच लागतो. जलवानर सिद्धांताचं आकर्षण काय? केस, चरबी, चालणं, श्वासावरचा ताबा, बोलणं, सगळ्या कुलपांना एकच किल्ली. हार्डींच्या काळी जीवाश्मांच्या नोंदीत मोठी पोकळी होती आणि त्या पोकळीत एक पाण्यातला कालखंड बसवता येत होता. पुढे काहींनी जागाही सुचवली: इथिओपियाच्या उत्तरेकडचा दानाकिल प्रदेश, जो एके काळी समुद्राने वेढला गेला असावा. पण पोकळी भरत गेली तसं दिसू लागलं की ही कुलपं एका वेळी उघडलीच नाहीत. दोन पायांवर चालणं चाळीस लाख वर्षांहून जुनं. मेंदू ठळकपणे वाढू लागला तो त्यानंतर, वीस लाख वर्षांच्या आसपास. श्वासावरचा बारीक ताबा तर आणखी नंतरचा. केनियातल्या तुर्काना सरोवराजवळ पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला आहे. छातीच्या स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची जी नळी आपल्या मणक्यांत रुंद असते, ती त्याच्यात अरुंद आहे. चालणं आणि श्वास यांच्यात लाखो वर्षांचं अंतर पडलं, तर एका पाण्यातल्या मुक्कामाने दोन्ही कसं समजावणार? १९९७ साली जॉन लँगडन यांनी नेमकी हीच टीका केली. एका छत्रीखाली सगळं आलं म्हणजे ते सोपं होतं असं नाही. छत्रीखालच्या प्रत्येक गोष्टीला वेगळा पुरावा द्यावाच लागतो.

स्वरयंत्र घशात खाली असणं हे बुडी मारण्यासाठी आहे, असंही म्हटलं जायचं. २००१ साली दिसून आलं की लाल हरणाचा नर डरकाळी फोडताना स्वरयंत्र पार छातीपर्यंत खाली ओढतो. त्याला कुठे बुडी मारायची असते? आणि पाण्यात तोंड घातलं की हृदयाचे ठोके मंदावतात, ही क्रिया जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांतही आढळते.

बोटांच्या सुरकुत्यांचं विचारू नका असं म्हणणार होते, पण माझ्याच मुलीने तरणतलावातून बाहेर येऊन बोटं पुढे केली. पांढरी, मनुक्यासारखी आकसलेली. कातडी पाणी पिऊन फुगते, असं आपण समजतो. ज्याच्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो त्याच्या बोटाला मात्र सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे शरीर मुद्दाम रक्तवाहिन्या आकसून घेतं. २०१३ साली एका प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या जरा लवकर उचलता आल्या; पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात फरक दिसला नाही. ओल्या फांदीवर, ओल्या दगडावर पकड बसण्यासाठी हे असू शकेल. पावसात भिजणाऱ्या कुठल्याही झाडावरच्या प्राण्याला ते उपयोगी पडेल. त्यासाठी समुद्रात राहावं लागत नाही.

समर्थकांचा एक बचाव असा असतो की पुरावा समुद्राखाली गेला. यात तथ्य आहे. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा वरळीच्या टेकडीवरून पश्चिमेला समुद्र दिसला नसता, जमीनच दिसली असती, आणि किनारा कितीतरी किलोमीटर पलीकडे असता. तेव्हाच्या किनाऱ्यावरच्या वस्त्या आज पाण्याखाली आहेत. पण आफ्रिकेतली आतली सरोवरं, नद्या कुठे गेल्या? त्यांच्या काठची लाखो वर्षांची हाडं आपल्या हातात आहेत. त्यांत पोहण्यासाठी घडलेला वानर नाही. शिवाय त्या पाण्यात मगरी होत्या, पाणघोडे होते. आजही आफ्रिकेत मगर माणसाला ओढून नेते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की पाण्याचा आणि आपल्या घडणीचा काही संबंधच नाही. तसं मुळीच नाही. माझा राग याच गोष्टीवर आहे: बुडणाऱ्या-पोहणाऱ्या वानराच्या वादात पाण्याकाठच्या माणसाची खरी, पुराव्यानिशी उभी असलेली गोष्ट झाकली जाते.

केनियात तुर्कानाच्या पूर्वेला १९.५ लाख वर्षांपूर्वीच्या एका ठिकाणी दगडी हत्यारांसोबत कासव, मगर आणि माशांची हाडं मिळाली, त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. इस्रायलमध्ये जॉर्डन नदीकाठी ७.८ लाख वर्षांपूर्वी मासा विस्तवावर शिजवला गेल्याचा पुरावा २०२२ साली मिळाला. मेंदू वाढायला माशांतलं ओमेगा-३ लागतं, म्हणून मेंदू पाण्याकाठीच वाढला, असं मायकेल क्रॉफर्ड यांच्यासारखे काही अभ्यासक मानतात. जमिनीवरच्या आहारातूनही ती गरज भागते, असं त्यांचे विरोधक दाखवतात. तो वाद चालू आहे. बोंबील-बांगडा खाणाऱ्यांनी लगेच खूश व्हायचं कारण नाही.

मला सर्वांत भावतो तो जावा बेटावरच्या ट्रिनिलचा शिंपला. १८९० च्या दशकात तिथे खणलेले गोड्या पाण्यातले शिंपले शंभर वर्षं नेदरलँड्सच्या संग्रहालयात पेट्यांत पडून होते. पुन्हा तपासले तेव्हा एकावर वाकड्यातिकड्या, मुद्दाम कोरलेल्या रेषा दिसल्या. वय चार ते साडेपाच लाख वर्षं. कोरणारा होमो इरेक्टस, म्हणजे आपल्या आधीची, आता नामशेष झालेली माणसाची जात. आणखी एक गोष्ट: अनेक शिंपल्यांना एका ठरावीक जागी भोक होतं. शिंपला मिटून धरणारा स्नायू आतून जिथे चिकटतो, नेमकी ती जागा. स्नायू दुखावला की शिंपला आपोआप उघडतो. ज्या बाईने घरी विळीच्या पात्यावर तिसऱ्या उघडल्या आहेत तिला हे सांगावं लागत नाही. पातं कुठे घालायचं ते हाताला माहीत असतं. पाच लाख वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी हातालाही ते माहीत होतं.

निअँडरथल माणसांच्या कानात हाड वाढल्याचं २०१९ साली एरिक ट्रिंकॉस यांनी दाखवलं. तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत. असं हाड थंड पाण्यात वारंवार डोकं बुडवणाऱ्यांत वाढतं. इंडोनेशियाचे बजाऊ लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुड्या मारतात. त्यांची प्लीहा (पोटातली पाणथरी) शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा निम्म्याने मोठी असल्याचं २०१८ साली आढळलं. प्लीहेत प्राणवायू वाहणाऱ्या रक्तपेशींचा साठा असतो. म्हणजे पाणी माणसाचं शरीर बदलू शकतं. पण हा बदल एका समाजात झालेला, अलीकडचा, एका अवयवापुरता.

आणि दक्षिण आफ्रिकेतली पिनॅकल पॉइंटची गुहा. तिथे १,६४,००० वर्षांपूर्वी माणसं समुद्रातले शिंपले आणून खात होती. कर्टिस मेरियन यांनी यात एक बारीक गोष्ट हेरली. लाटांच्या माऱ्यात खडकावरचे शिंपले काढणं जिवावर बेतू शकतं. मोठ्या ओहोटीच्या थोड्याच दिवसांत ते सुरक्षित असतं. ते दिवस ओळखायचे तर चंद्राकडे बघायला शिकावं लागतं.

हे वाचलं त्याच आठवड्यात, कृष्ण द्वितीयेला, सकाळी साडेसातला मी माझ्या मुलीला आणि त्या तरुण आईच्या मोठ्या मुलाला घेऊन कार्टर रोडच्या खडकांवर गेले. पाणी लांब मागे गेलं होतं. काळ्या, शेवाळलेल्या दगडांवर तीन-चार कोळी बाया उकिडव्या बसून टोकदार लोखंडाने कालवं फोडत होत्या. एक घाव, वरचं कवच उडतं, आतला मऊ गर बोटाने काढून डब्यात. हात पाण्यात, पाय पाण्यात, पण नजर मधूनच समुद्राकडे.

मुलाने विचारलं, ‘मावशी, पाणी कधी येणार हे तुम्हाला कसं कळतं?’ त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. द्वितीया म्हणजे दोन, दोनाचे पाऊणपट दीड. मध्यरात्रीनंतर दीडला पूर्ण भरती होती, सहा तासांवर थोडा वेळ गेला की पूर्ण ओहोटी, म्हणजे आत्ता. अष्टमीला सहाला भरती, पण तेव्हा भांग असतो, पाणी फार मागे हटतच नाही, त्या दिवशी येऊन फायदा नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. मुलं बोटांवर तिथ्या मोजत राहिली. त्यांची बोटं तोवर पाण्यात खेळून पुन्हा सुरकुतली होती.

साडेआठच्या सुमारास खडकांमधल्या घळीत पाणी आवाज करू लागलं. मावशींनी डब्याचं झाकण लावलं, लोखंड पदराच्या टोकाला पुसलं आणि उठल्या. मुलाने विचारलं, ‘उद्या पण येऊ?’

‘ये की. पण या वेळेला नको येऊ, पाऊण तास उशिरा ये.’